दहावा मुद्दा

शुक्रवारी सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं, तसा नीरज दोन बादल्या घेऊन दारात उभा राहिला. उजव्या हातात ओला कचरा, डाव्या हातात सुका. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली. पण गाडी वळणावर दिसली की चवड्यांवर उभा राहून डुलायला लागायचा. जन्मभरात वीस-बावीस शब्द त्याच्या वाट्याला आले होते, आणि तेही तो जपून वापरी.

"भिया, आज सूखा कम है," गाडीवाला थट्टेने म्हणाला.

नीरजने बादलीत पाहिलं. मग वाकून दारातली बाबांची एक चप्पल उचलली आणि सुक्यात टाकली.

"अरे ए! यामू, धाव!" श्रीपादराव आतून ओरडले. "उद्या काय अनवाणी जाऊ मी शाळेत? मास्तर लोक म्हणतील, हे काय शिकवणार, यांच्या पायात एकच चप्पल!"

यामिनीने चप्पल गाडीच्या तोंडातून ओढून काढली. परत येताना ती ओठ दाबून हसू आवरत होती. आवरायचं काही कारण नव्हतं, पण तिचा स्वभावच तसा होता.

बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत हे तिघं राहत. श्रीपादराव पंच्याहत्तरीचे, निवृत्त गणित-मास्तर. त्यांची मुलगी यामिनी सेहेचाळीसची, एका कॉलेजात ग्रंथपाल; लग्न का केलं नाही हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि धाकटा नीरज, स्वमग्न. त्याच्यामुळेच निवृत्तीनंतर श्रीपादरावांनी नवं काम अंगावर घेतलं होतं. बारा वर्षं ते दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या शाळेत जात आणि शिक्षकांना शिकवत, की वर्गात असं मूल असलं तर त्याच्याशी कसं वागायचं. महूपर्यंतच्या शाळा त्यांना बोलावत. यामिनी टाचणं टाइप करी, प्रोजेक्टर सांभाळी. नीरजला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून तोही बरोबर असे.

विजय नगरकडच्या एका मोठ्या शाळेत त्यांचे दोन शनिवार झाले होते, दोन उरले होते. उद्याचा विषय सगळ्यांत अवघड होता: मूल बिथरलं, तर शिक्षकाने काय करायचं.

पोह्यांच्या बशा समोर होत्या. नीरज आपल्या बशीतली शेव एकेक करून वेगळी काढत होता. श्रीपादराव सांगत होते, यामिनी लॅपटॉपवर उतरवत होती.

"एक. हात उचलू नका. हे जाड अक्षरात घे. दोन, आवाज उतरवा. तीन, गर्दी हटवा. चार, दिवे-पंखे बंद करा..."

नऊ झाले. श्रीपादराव चहा प्यायला उठले. यामिनीचं वाचन दांडगं होतं. या विषयावरची पुस्तकं तिने बाबांपेक्षा जास्त वाचली होती, आणि बाबांच्या यादीतून दर वेळी काय सुटतं ते तिला पक्कं माहीत होतं. तिने टाइप केलं: 'दहा. मुलाला धरू नका. मनगटं तर मुळीच नाही.'

ओळ तिने वाचली. पुन्हा वाचली. मग एकेक अक्षर मागे घेत ती पुसून टाकली.

"किती झाले?" आतून हाक आली.

"नऊ."

"दहा करूया का? आकडा बरा दिसतो. गणितवाल्याला नऊ टोचतात."

"नऊ पुरेत, बाबा."

"बरं बाई. नऊ तर नऊ."

तो त्यांच्या घरातला शेवटचा साधा दिवस.

ती ओळ तिने का पुसली, हे कळायला छत्तीस वर्षं मागे जायला हवं. श्रीपादराव ती गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगत, त्याच त्या शब्दांत, आवाज न चढवता.

"माझा मुलगा आठ वर्षांचा होता. अक्षर काढत नव्हता, नजर देत नव्हता. डॉक्टर म्हणाले, हट्टी आहे. मी मास्तर. हट्ट मोडणं हे माझं काम. रोज संध्याकाळी सहाला पाटी घेऊन त्याला बसवायचो आणि लाकडी फूटपट्टीने मारायचो. एके दिवशी मी त्याचा हात मोडला. खोलीत मी आणि तो, दोघंच होतो."

इथे ते थांबत. मग ते म्हणत, "पुढची स्लाइड," आणि यामिनी बटण दाबी.

खोलीत दोघं नव्हते. तिघं होते.

पहिल्या फटक्याला नीरज हात मागे ओढायचा. दुसऱ्याला टेबलाखाली शिरायचा. तेव्हा बाबा म्हणायचे, "यामू, धर गं याचे हात." दहा वर्षांची यामिनी समोर बसून त्याची दोन्ही मनगटं एकत्र आवळायची, तळवे वर करून. फूटपट्टी खाली यायची तेव्हा वारा तिच्या गालाला लागायचा. तळहात लाल व्हायचे, मग जांभळे. नीरज रडायचा नाही, घशातून घोगरा आवाज काढायचा आणि कपाळ पाटीवर आपटायचा. एकदा पाटी फुटून भुवईत घुसली, तरी संध्याकाळचे सहा चुकले नाहीत. आई स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून भांडी घासत बसायची.

हात मोडला त्या दिवशी बाहेर मैत्रिणी लंगडी खेळत होत्या. यामिनीला हाका येत होत्या. नीरज ऐकेना. त्याने तिच्या हाताला कडकडून चावा घेतला, रक्त आलं. तिने सोडलं नाही. उलट तिच्या अंगात काहीतरी चढलं आणि तिने त्याचं डावं मनगट दोन्ही मुठींत घेऊन पिळलं, ओलं फडकं पिळतात तसं, सगळा जोर लावून. आतून कट् असा आवाज आला. तो तिला हातात जाणवला. त्याच क्षणी फूटपट्टी खाली आली.

बाबांना वाटलं, फूटपट्टीने मोडला. त्यांनी ती फूटपट्टी स्वतःच्या गुडघ्यावर मोडली, पोराला उचललं आणि अनवाणी दवाखान्यात पळाले. त्यानंतर त्यांनी घरात, शाळेत, कुठेही हात उचलला नाही. मुंबईला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, नीरजच्या असण्याला एक नाव आहे हे कळलं, पुस्तकं आणली, स्वतः शिकले, मग दुसऱ्यांना शिकवू लागले. सगळं त्या एका आवाजातून निघालं होतं, आणि तो आवाज कुणी काढला हे यामिनीने कधी सांगितलं नाही. ती हात धरत होती एवढं बाबांना ठाऊक होतं. तेवढंही ते लोकांसमोर गिळून टाकत. दोघंच होतो, म्हणत.

नीरजचं शरीर मात्र विसरलं नव्हतं. जवळ कुणी हात वर केला, अगदी कॅलेंडर टांगायला केला, तरी तो आपली दोन्ही मनगटं जोडून पुढे करी. श्रीपादराव शिक्षकांना म्हणत, "बघा, मार खायला हात देतोय." कुणी विचारलं नाही, की छडी खायला मूल तळहात पुढे करतं, मनगटं जोडून कशाला देईल? ती धरणारं कुणी असल्याशिवाय?

शनिवारी शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एकतीस शिक्षक होते. टाचण वाटून झालं होतं. पहिल्या रांगेतली मिताली, पहिल्याच नोकरीतली चोवीस वर्षांची मुलगी, दहा मिनिटांत नऊच्या नऊ मुद्दे न बघता म्हणून दाखवती झाली.

"शाबास!" श्रीपादराव खूश झाले. "माझ्या वर्गात असतीस तर पैकीच्या पैकी दिले असते."

"सर, ये रट्टू है," मागून खेळाचे मनीष सर म्हणाले. सगळे हसले.

तेवढ्यात खाली स्नेहसंमेलनाचे ढोल सुरू झाले. एक नाही, सहा. काचा थरथरल्या. शेवटच्या बाकावर बाटल्यांची झाकणं रांगेत लावणारा नीरज कानांवर तळवे दाबून वाकला आणि कपाळ गुडघ्यांवर आपटू लागला. आणि कॉरिडॉरमधून किंकाळी आली. एक थांबली की दुसरी.

"कस्तुरी आहे," मिताली उठली. कस्तुरी सहावीतली, बारा वर्षांची, वयाच्या मानाने उंच. मागचे दोन्ही शनिवार ती हॉलच्या दारातून आत शिरून श्रीपादरावांच्या खिशातला खडू घेऊन गेली होती आणि ते मुद्दाम खिशात नवा ठेवत.

"ढोल बंद करायला सांगा!" श्रीपादराव निघाले. "गर्दी नको. दोघंच चला." दोघंच कोण जाणार, सगळे निघाले. यामिनी नीरजपाशी थांबली. बाहेर धावपळ, ओरडा, बाबांचा आवाज, एकदा, दोनदा. मग जिन्यावरून पोतं घरंगळावं तसा आवाज झाला आणि शेवटी एक टणक ठोका.

ती बाहेर आली. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बाबा पडले होते, पाय वरच्या पायरीवर, डोकं ग्रॅनाइटच्या कडेला. कानामागून रक्त निघून पायरीवरून खाली ओघळत होतं, आणि ढोल चालूच होते. डोळे उघडे होते. ती वाकली. त्यांच्या घशातून फुगा सोडावा तसा नुसता वारा आला.

तिने मान वर करून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी कस्तुरीला फरशीवर पालथं पाडलं होतं. मनीष सरांचा गुडघा तिच्या पाठीत होता. मितालीने तिचे दोन्ही हात समोर ओढून मनगटं आवळली होती. मुलगी कपाळ फरशीवर आपटत होती, दर आपटण्यासरशी ओठातलं रक्त फरशीवर उडत होतं. भोवती नऊ मुद्द्यांचे कागद बुटांखाली आले होते.

"कस के पकडो, मॅडम! छोडना मत! इसी ने गिराया है!" मनीष सर ओरडत होते.

यामिनी जिना चढली. पुढे काय झालं ते पाहणारे खूप होते. ती त्या मुलीच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली, केस धरून तिचा चेहरा वर केला आणि पूर्ण ताकदीने थोबाडीत मारली. मुलीला चेहरा झाकता येईना, हात मितालीच्या मुठींत होते. यामिनीने दुसरी मारली. ओठ आणखी फाटला. तळहाताला दात लागले, तेही तिला बरं वाटलं. तिसऱ्यासाठी तिने हात उचलला.

हॉलच्या दारात नीरज उभा होता. तो तिच्या हाताकडे बघत होता. दोन्ही मनगटं जोडून त्याने तिच्याकडे पुढे केली होती.

श्रीपादराव सोमवारी पहाटे दवाखान्यातच वारले.

पुढचे दिवस माणसांचे होते. येणारे म्हणत, एवढा शिकवणारा माणूस, आणि अशाच मुलीच्या हातून जावा! यामिनी चहा देत होती. नीरज रोज सकाळी दोन्ही चपला घेऊन दारात उभा राही आणि गाडी निघून गेली की त्या पुन्हा जागेवर ठेवी.

बाराव्या दिवशी कस्तुरीची आई आली, मुलीला घेऊन. क्षितिजा तिचं नाव. मूळची नाशिकची, विजय नगरच्या एका कंपनीत नोकरीला, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली. नवरा सोबत नव्हता. आत आल्याआल्या तिने मुलीची मान पकडली.

"पाया पड. ताईंच्या पाया पड! वाक म्हणते ना!" ती मान खाली दाबत होती, मुलगी ताठ होत होती, घशातून तोच घोगरा आवाज. "वाक गं! जीव घेतलास त्यांचा, वाकता येत नाही?" क्षितिजाने तिच्या पाठीत धपाटा घातला, मग दुसरा, आणि मग स्वतःच भिंतीला टेकून स्वतःच्या कपाळावर मुठी मारायला लागली.

"सोडा तिला!" यामिनी ओरडली. त्या घरात ती कित्येक वर्षांत ओरडली नव्हती. "सोडा म्हणते ना!"

कस्तुरी सुटली ती सरळ खुंटीकडे गेली. बाबांचा कोट तिथेच होता. खिशात हात घालून तिने खडू काढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"टी.सी. देतायत," क्षितिजा म्हणाली. "वर 'हिंसक' असा शेरा. शाळेचा अहवाल पोलिसांतही जाणार, की हिने अचानक हल्ला केला. याआधी तीन शाळांनी नाही म्हटलंय, ताई. असा शेरा पाहून कोण दारात उभं करेल? घरी ठेवू तर नोकरी कशी करू? घरी कोंडून ठेवू का तिला?" मग हळू आवाजात, "तुम्ही रागावला असाल. हक्क आहे तुमचा. पण ती त्यांना का ढकलेल? ती मला शुक्रवारी रात्री विचारत होती, उद्या खडूवाले आजोबा?"

यामिनी ऐकत नव्हती. ती कस्तुरीच्या मनगटांकडे बघत होती. हिरवट-पिवळे डाग पडले होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. दोन्ही हातांना सारखे. तसे डाग तिने दहाव्या वर्षी रोज पाहिले होते. आपल्या बोटांशी मापून पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळेने बैठक बोलावली. प्राचार्या सुलोचना मॅडमचा फोन होता: कुटुंबाच्या वतीने तुम्ही या, अहवालावर सही करा, म्हणजे विषय मिटेल. यामिनी नीरजला घेऊन गेली.

जिन्याच्या टप्प्यावर ग्रॅनाइट घासून चकचकीत केलं होतं. तिथेच मिताली थांबली होती, बहुतेक बराच वेळ.

"ताई, एक मिनिट." तिचं नाक लाल होतं. "मला झोप नाही येत. मी तर नुसतं पकडलं होतं तिला, ताई. ती भिंतीला डोकं मारत होती. मनीष सरांनी हात उचलला, मी म्हटलं मार नको पडायला, मुद्दा नंबर एक. म्हणून मी मधे गेले अन् तिचे हात पकडले. ती ओढायला लागली, इतका जोर, ताई! बाबा आले. म्हणाले, सोड, बेटा, सोड. मी सोडलं. एकदम सोडलं. ती झटक्याने मागे गेली, अन् मागे, जिन्याच्या तोंडाशी, बाबाच उभे होते."

यामिनीने कठडा धरला.

"तिने धक्का नाही दिला, ताई. मी तसं लिहून देणार होते. सर म्हणाले, तुझं प्रोबेशन चालू आहे, चूप बस." मितालीने ओढणीत तोंड पुसलं. मग लहान मुलीसारखी म्हणाली, "कागदात नव्हतं ना, ताई. नऊच्या नऊ पाठ होते मला. धरू नका, असं कुठेच नव्हतं."

हॉलमध्ये तेच एकतीस शिक्षक होते. क्षितिजा कस्तुरीला घेऊन एका कोपऱ्यात बसली होती. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या सोडल्या होत्या. श्रीपादरावांचा फोटो टेबलावर होता, त्याला हार. सुलोचना मॅडम दोन शब्द चांगले बोलल्या, मग कागद यामिनीपुढे सरकवला.

"मुलीने अचानक हल्ला केला," यामिनीने वाचलं. "हे खरं नाही."

"ताई, तुम्ही तेव्हा हॉलमध्ये होता. बघणारे आम्ही होतो."

"तिचे हात धरले होते."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. सुलोचना मॅडमनी चष्मा काढला. "देखिए, यामिनीताई, आम्ही पण पुष्कळ काही बघितलं. तुम्ही त्या मुलीला काय केलं, तेही सगळ्यांनी बघितलं. आम्ही ते अहवालात घातलं नाही. तुमचं दुःख समजून. आता तुम्हीही थोडं समजून घ्या ना."

"घाला ते," यामिनी म्हणाली. "मी तिला दोन थोबाडीत मारल्या. तिचा ओठ फाडला. ते पहिलं घाला."

क्षितिजाने मान वर केली. तिला ते ठाऊक नव्हतं.

"अरे दीदी, छोडो," मनीष सर उठले. ते वाईट माणूस नव्हते. आवाज आत्ताही आर्जवी होता. "आप सदमे में थीं. लडकी में ताकत बहोत है, अपन ने देखा ना. ऐसे आई थी वो, ऐसे..." आणि कसं ते दाखवायला त्यांनी हात खांद्याच्या वर उचलला.

शेवटच्या बाकावर झाकणं खाली पडली. नीरज उभा होता. मनगटं जोडलेली, पुढे केलेली. तो मनीष सरांकडे बघत नव्हता. तो हॉलभर नजर फिरवत होता, ती धरायला कोण येतंय हे शोधत असल्यासारखा, आणि नजर यामिनीवर येऊन थांबली.

"अरे भिया, आपको कोई नहीं मार रहा," मनीष सर ओशाळून म्हणाले आणि हात खाली घेतला. नीरजचे हात तसेच राहिले.

यामिनी टेबलापाशी गेली. बाबा उभे राहत त्याच जागी. समोर लोक असताना आपला आवाज कसा येतो हे तिला माहीत नव्हतं. बारा वर्षं तिने नुसतं बटण दाबलं होतं.

"तुम्हाला दिलेलं टाचण मी टाइप केलं होतं," ती म्हणाली. "त्यात नऊ मुद्दे आहेत. दहावा मी लिहिला होता आणि पुसला. बाबांना न सांगता. मूल बिथरलं असताना त्याचे हात धरू नका, असा तो होता. तो कागदावर असता तर त्या दिवशी मितालीने हिचे हात धरले नसते, बाबांना सोड म्हणावं लागलं नसतं, आणि ही मागे फेकली गेली नसती. या मुलीने कुणाला मारलं नाही."

पहिल्या रांगेत मिताली उठून उभी राहिली होती. तिला बोलायचं होतं.

"पर दीदी," मनीष सर खरोखरच न कळून म्हणाले, "पकडेंगे नहीं तो रोकेंगे कैसे? अन् पुसला का मग? इतना जरूरी था तो?"

हाच प्रश्न. छत्तीस वर्षं ती असल्याच प्रश्नाला भ्याली होती, आणि आता तो खेळाच्या मास्तरांनी विचारला होता, हार घातलेल्या फोटोसमोर.

तिने नीरजकडे पाहिलं. त्याच्या डाव्या मनगटाचं हाड अजून जरा वर आलेलं होतं, वाकडं जुळलेलं.

"कारण तो वाचून तुम्ही विचारलं असतं, की हे तुम्हाला कसं माहीत," यामिनी म्हणाली. "बाबा तुम्हाला सांगायचे, त्या दिवशी खोलीत दोघंच होते. तिघं होतो. नीरूची मनगटं मी धरायचे. रोज. बाबांनी मला वाचवलं, आणि मी त्यांना तसंच जाऊ दिलं. त्यांना जन्मभर वाटलं, आपण पोराचा हात मोडला. फूटपट्टीने नाही मोडला, बाबा. मला खेळायला जायचं होतं. मी पिळला. नीरू, तुझा हात मी मोडला."